नाते नसल्याचा दाखला

शेगावात गुरुवार हा महाराजांचा वार. त्या दिवशी पहाटेच्या गाड्यांतून उतरलेली माणसे बादलीभर पाणी आणि पाठ टेकण्यापुरती जागा शोधीत गल्ल्यांतून हिंडतात, आणि त्यांची सोय करणे हे आपले पवित्र कर्तव्य होय, असे स्टेशनाजवळचे घरमालक अंतःकरणपूर्वक मानतात. इंद्रभानजी हे कर्तव्य इतक्या निष्ठेने पाळीत की, त्यासाठी त्यांनी आपल्या घरातील चारही विद्यार्थिनींना दर बुधवारी सायंकाळी अंथरुणासह खोल्यांबाहेर काढण्याचा नेम केला होता.

"सहा दिवस खोली तुही, गुरुवार भक्ताचा," हे वाक्य ते प्रत्येक नव्या मुलीला सांगत. मात्र आगाऊ रक्कम हाती पडल्यानंतर.

त्यांचे घर आज जेथे उभे आहे तेथे पंधरा वर्षांपूर्वी वांग्याची वाडी होती. वांग्याला कीड लागे, भाव पडे, गाडीत जागा मिळत नसे. पुढे गावात महाविद्यालय वाढले, भक्तांची गर्दीही वाढली, आणि इंद्रभानजींनी वाफे मोडून त्यांच्या जागी खोल्या लावल्या. खोलीला कीड लागत नाही आणि तिला पाण्याची पाळीही द्यावी लागत नाही. बोलण्याची सवय मात्र जुनीच राहिली. "औंदा खोली चांगली आली," असे ते पारावर सांगत, तेव्हा परका माणूस क्षणभर गोंधळून जाई. महिन्याचे भाडे साडेतीन हजार, एका गुरुवारचे बाराशे. चार गुरुवार एका महिन्याला भारी पडतात, हा हिशेब त्यांनी एकदाच केला आणि तेव्हापासून त्यांची भक्ती वाढतच गेली.

चारांपैकी तिघी मुली जवळपासच्या गावांच्या. त्या बुधवारच्या बसने घरी जात आणि गुरुवारी तिकडूनच तासांना येत. चौथी समता. ती साखरखेर्ड्याची. तिथून शेगावला रोज येणे-जाणे म्हणजे शिक्षण सोडून बसवाहकाची नोकरी पत्करण्यासारखे होते. म्हणून दर बुधवारी ती आपली गादी गुंडाळून जिन्याखाली नेई. तेथे कांद्यांची पोती होती. पोत्यांना टेकून अभ्यास करता येतो, हे तिने पहिल्या महिन्यातच शोधून काढले होते. डोळ्यांतून पाणी येई, पण ते गणितामुळे की कांद्यांमुळे याचा उलगडा झाला नाही.

समता अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. वडील सहदेव गावच्या बाजारात धान्य मापण्याचे काम करीत. महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे शुल्क ऐकून ते म्हणाले होते, "तिथं काय सोन्याच्या खाटा हायेत काय?" सरकारी वसतिगृहात जागा साठ, समतेचे नाव प्रतीक्षायादीत सदतिसावे. यादी पुढे सरकायची तर तिच्या वरच्या छत्तीस मुलींवर काहीतरी आपत्ती कोसळायला हवी होती, आणि इतके वाईट चिंतण्याइतपत समता दुष्ट नव्हती. निदान परीक्षेचे दिवस सोडून.

ज्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी शासनाचा एक निर्वाहभत्ता होता. समतेने पहिल्या वर्षीच अर्ज केला होता. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, भाडेकरार, बँकेचे पासबुक अशा सतरा कागदांची ती जुडी एका कपाटात शिरली आणि वर्षभर तिथेच राहिली. चौकशी केली की उत्तर ठरलेले: स्थळतपासणी बाकी. मधल्या काळात भाडे बावीसशेवरून साडेतीन हजारांवर गेले. दिवाळीत समता घरी गेली तेव्हा सहदेव जेवता जेवता शांतपणे म्हणाले, "ह्या सत्रापर्यंत मी ओढतो, बाई. भत्ता आला तं शिक. नाई आला तं कृषी केंद्रात काउंटरवर जागा हाय. मी बोलून ठेवलं." ते रागाने बोलले असते तर समता भांडली असती. ते रागाने बोलले नाहीत. आई जनकाबाई भाकरी थापीत राहिली आणि तिने त्या दिवशी लागत नव्हत्या इतक्या भाकरी थापल्या.

अशा स्थितीत एका बुधवारी संध्याकाळी समतेच्या मोबाइलवर निरोप आला: उद्या गुरुवारी सकाळी तपासणी अधिकारी येतील, विद्यार्थिनीने राहत्या खोलीत उपस्थित राहावे, खोलीतच फोटो घेतला जाईल, अनुपस्थित आढळल्यास अर्ज निकाली.

वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस हाती असताना शासनाने नेमका गुरुवार निवडला होता.

समता गादी गुंडाळायची सोडून खाली आली. इंद्रभानजी ओसरीवर खुर्ची टाकून सुपारी कातरीत बसले होते.

"काकाजी, उद्या तेवढी खोली मले राहू द्या."

"गुरुवारी? बाप्पा! भलतंच काय बोलून राह्यली वं तू?"

"सरकारी माणूस येऊन राह्यला तपासाले. मी खोलीत दिसली पायजे. नाई तं माहा भत्ता गेला."

अडकित्ता थांबला. "सरकारी मंजे कुठला? नगरपरिषदेचा?"

"नाई हो, भत्त्याचा. तुमी फक्त इतकंच सांगजा, हे पोरगी इथं भाड्यानं राह्यते. बास."

"भाड्यानं," इंद्रभानजी पुटपुटले.

"हाव. आन् भाडं किती तेही सांगजा."

"नागपूरवाले भक्त निंगाले घरून. त्याईले आता काय सांगू, गाडीतून उतरू नका मनून?" त्यांनी सुपारीचे खांड तोंडात टाकले. बराच वेळ चघळले. मग एकाएकी त्यांच्या मुद्रेवर उदार भाव उमटला. "तू काई फिकर करू नको, समता. साहेब आला की मी पाहून घेतो. असं सांगतो की तुह्यं काम पक्कंच झालं समज."

समतेने त्यांचे आभार मानले. पुढे आयुष्यभर तिने कुणाचे आभार घाईने मानले नाहीत, त्याचे कारण हे.

इंद्रभानजींच्या डोक्यात काय शिजत होते, ते तिला दुसऱ्या दिवशी कळले. त्यांच्या घरावर राहत्या घराच्या दराने घरपट्टी बसत होती. खोल्या भाड्याने जातात हे एकदा कुठल्याही सरकारी कागदावर चढले, की तो कागद पाय फुटून नगरपरिषदेत जाईल, घर व्यापारी ठरेल आणि पट्टी तिप्पट होईल, अशी त्यांची खात्री होती. समतेने दीड वर्षापूर्वी भाडेकरारावर त्यांची सही घेतली ती 'कॉलेजचा फॉर्म' म्हणून, आणि त्यांनी ती चष्म्याशिवाय केली होती. सरकारी माणूस, भाडेकरू मुलगी आणि आंघोळीला बसलेले नागपूरकर हे तीन ग्रह एकाच राशीत येत आहेत असे दिसताच त्यांनी रात्रभर विचार केला आणि एक तोडगा काढला. तोडगा असा की, घरातली सगळीच माणसे नातेवाईक आहेत, असे सांगायचे. नातेवाइकांवर पट्टी बसत नाही.

सकाळी साडेदहाला रिक्षातून गुलाबराव उतरले. निवृत्तीला तीन महिने उरलेले, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कार्बन घालून तयार ठेवलेले अर्जांचे पुठ्ठे, आणि खिशात कार्यालयाने दिलेला मोबाइल, ज्याच्याकडे ते चावणाऱ्या कुत्र्याकडे पाहावे तसे पाहत. समता "काकाजी, साहेब आले!" असे ओरडत जिन्याखालून धावत बाहेर येईपर्यंत इंद्रभानजी धुतलेली टोपी घालून दारात उभे होते.

"या साहेब, या. आपलंच घर समजा. आत सगळे नातलगच हायेत."

गुलाबरावांनी चष्मा नाकावर ओढला. "समता सहदेव कोण?"

"मी, साहेब."

"आमची पोरगी!" इंद्रभानजी म्हणाले आणि त्यांनी समतेच्या मस्तकावर हात ठेवला. दीड वर्षात तो हात तिच्यापुढे आला होता तो केवळ भाडे घेण्यासाठी. त्याची उलटी बाजू ती प्रथमच अनुभवीत होती. "माह्या साडूची. शिकाले ठेवली आमच्याइथं. भाडंबिडं काई नाई साहेब. घरच्या पोरीकून कोनी भाडं घेते काय?"

समता पुढे झाली. "साहेब, नाई हो..."

"लाजते ते," इंद्रभानजींनी खुलासा केला.

"आन् त्या न्हाणीत कोण हाय?" गुलाबरावांनी विचारले.

"माहा मावसभाऊ. नागपूरचा."

त्याच क्षणी न्हाणीतून खणखणीत आवाज आला, "ओ मालक! गरम पाण्याचे वीस रुपये आत्ता देऊ की जाताना?"

इंद्रभानजी क्षणमात्रही डळमळले नाहीत. "लय मानी माणूस हाय साहेब. लहानपणापासून कोनाचं फुकट घेत नाई."

गुलाबराव ओसरीवर बसले. मोबाइल काढून त्यांनी त्यावर एका बोटाने, एकेक घाव घालावा तसे टिचकारायला सुरुवात केली. 'निवासाचा प्रकार: नातेवाइकांकडे.' यंत्राने मंजुळ आवाज केला. मग त्यांनी कागदाचा पुठ्ठा उघडला आणि ते संथ स्वरात वाचू लागले, "अट क्रमांक सात. जो विद्यार्थी आईवडिलांच्या वा नातेवाइकांच्या घरी राहत असेल, तो सदर भत्त्यास अपात्र राहील." पान उलटले. "आन् हे दुसरंच निंगालं. दाखल्यात पोरगी बौद्ध हाय. इंद्रभानजी, तुमी?"

इंद्रभानजींनी आपली जात सांगितली. ती बौद्ध नव्हती.

"मंग तुमच्या बायकोच्या बहिणीची पोरगी बौद्ध कशी झाली? कारण दोनच होऊ शकतात. एक तं लग्न. दुसरं मंजे दाखला खोटा. खोटा असन तं पडताळणी समितीकडे जाईन. तिथून पोरगी बाहेर येईन तोपर्यंत तिची पेन्शनची वेळ होईन."

भत्त्याच्या खिडकीवर नाव नाकारले जाणे एक. पण आजोबांपासून चालत आलेले, सहदेवांनी तहसीलच्या अकरा खेपा घालून मिळवलेले तिचे कागद इंद्रभानजींच्या एका वाक्याने खोटे ठरू पाहत होते. समता रडली नाही. तिचा स्वभाव रडण्याचा नव्हता. ती हिशेबी मुलगी होती.

"साहेब, हे माहे घरमालक हायेत. नात्याचे कोनीच नाई. साडेतीन हजार भाडं देते मी."

"ते तुमाले काकाजी मनते," गुलाबराव इंद्रभानजींना म्हणाले. "रिक्षातून उतरतानाच ऐकलं मी."

"साहेब, शेगावात म्या रिक्षावाल्यालेही काकाजी मनलं. त्यानं भाडं सोडलं काय?"

गुलाबरावांच्या मिशीत काहीतरी हलले. इंद्रभानजींना मात्र आता उमगू लागले होते की आलेला माणूस नगरपरिषदेचा नव्हे. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "मंग असं करू साहेब. नातं कापून टाका. मी प्रेमानं मनलो होतो."

"आता कसं कापू? ह्याच्यात गेलं." गुलाबरावांनी मोबाइल दाखवला. "ह्याच्यात पुढं जाता येते, मागं येता येत नाई. माह्या वयासारखंच हाय. बदल करायचा तं पुरावा जोडा मनते. नातं नसल्याचा पुरावा हाय काय कोनाजवळ?"

जन्म, मृत्यू, विवाह, वारस, रहिवास, अपंगत्व, चारित्र्य या सर्वांचे दाखले देणारी कार्यालये या भूमीवर आहेत. परंतु अमुक माणूस अमुक माणसाचा कोणीही लागत नाही, असे लिहून देणारे कार्यालय अद्याप स्थापन झालेले नाही.

"भाडेकरार हाय ना," समता म्हणाली.

"नातलग एकमेकांत खोटे करार करतात बाई. त्याच्यापायीच अट सात आली."

"मंग या इकडं." समता त्यांना न्हाणीपाशी घेऊन गेली. दारावर प्लास्टिकमध्ये घातलेले दरपत्रक होते. गरम पाण्याची बादली वीस रुपये. मोबाइल चार्जिंग, दिवसाला पाच. मैत्रीण आल्यास, तासाला दहा. पंखा तीनवर लावल्यास वेगळे. "भाचीसाठी असा बोर्ड लावते काय कोनी?"

गुलाबरावांनी बोर्ड नीट वाचला आणि उसासा टाकला. "माह्या सुनेनं असा बोर्ड लावाचा बाकी हाय फक्त. हा पुरावा नाई चालत. ह्याच्यावरून उलट नातं जवळचं वाटते."

एवढ्यात आतून सत्यभामाबाई बाहेर आल्या. त्यांची पूजा आटोपली होती. हातात गुलाबरावांसाठी बशी झाकलेला चहाचा कप. समता आपली भाची असल्याचे सरकारदरबारी नोंदवले गेले आहे, हे नवऱ्याने त्यांना दोन वाक्यांत सांगितले.

"कोनाची भाची? माही? अहो, तुमाले काई अक्कल! तिकडं आपल्या पोरीच्या, योगिनीच्या सोयरिकीसाठी पाहुणे येऊन राह्यले, आन् इकडं तुमी कागदावर अशी भाची लावून घेता? कोनी वाचलं तं?" त्या गुलाबरावांकडे वळल्या. "साहेब, काईच्या काई. ही आमची कोनी नाई. अहो, तिचा चहाचा कपबी मी वेगळा ठेवते, बाहेरच्या फळीवर. आमच्या भांड्यात नाई मिसळू देत. नात्यातल्या पोरीसंग कोनी असं वागन काय? तुमीच सांगा."

हे त्यांनी अत्यंत सरळ मनाने सांगितले. एखाद्या गृहिणीने आपल्या स्वच्छतेचा दाखला द्यावा तसे.

पुरावा होता, आणि तो फळीवर होता: बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळालेला, कान तुटलेला, पालथा घातलेला कप. समतेने तो पहिल्याच आठवड्यात ओळखला होता. त्या दिवसापासून तिने या घरी चहा सोडला आणि आपल्याला पित्त होते असे सांगितले. सत्यभामाबाईंनी त्यावर तिला मनापासून आल्याचा रस सुचवला होता.

गुलाबरावांनी पुढे आलेला चहा न घेता बाजूला ठेवला. मोबाइल फळीपुढे धरून कपाचा फोटो घेतला. यंत्राने कपाखाली अक्षांश-रेखांश उमटवले. मग ते परत येऊन ओसरीवर बसले, नवा कागद कार्बनसह काढला आणि मोठ्याने उच्चारीत लिहू लागले:

"जबाब. मी, सत्यभामाबाई इंद्रभान, लिहून देते की, सदर विद्यार्थिनी बौद्ध असल्याने तिच्यासाठी घरात स्वतंत्र कप ठेवण्यात आला असून तो अन्य भांड्यांत मिसळू दिला जात नाही. सबब सदर विद्यार्थिनी माझी नातेवाईक नाही." त्यांनी पेन पुढे केले. "येकदम पक्का पुरावा हाय. अशी सोय सरकारलेबी सुचली नसती. इथं सही करा, ताई."

सत्यभामाबाई पेन घेणारच होत्या. इंद्रभानजींनी त्यांचा हात धरला. ते वर्तमानपत्र वाचत. असल्या जबाबावर सही करणाऱ्याला न्यायचे झाले तर कुठल्या गाडीतून नेतात, हे त्यांना ठाऊक होते.

"साहेब," त्यांचा आवाज बारीक झाला होता, "हे कागदावर नका घेऊ."

"मंग भाची राहू देऊ?"

"ते तं मुळीच नाई!" सत्यभामाबाई म्हणाल्या.

"दोघातलं येक सांगा. मले अजून अकरा पोट्टे तपासाचे हायेत."

नवराबायको ओसरीच्या कोपऱ्यात गेले. त्यांची कुजबुज ऐकू येण्याजोगी होती. भाची लिहावी तर सोयरीक मोडते. कप लिहावा तर पोलीस येतो. सत्यभामाबाईंचे म्हणणे की कप आजच फोडून टाकावा. इंद्रभानजींचे म्हणणे की त्याचा फोटो निघाला, आता तो फोडला तर वाईट दिसेल. इतक्या वर्षांत त्या कपाचा विचार त्यांनी मिळून प्रथमच केला.

समता त्यांच्याकडे पाहत होती. तिला राग यायला हवा होता, आणि तो आलाही होता. पण रागाच्या आधी तिला खोली हवी होती. ती गुलाबरावांना म्हणाली, "साहेब, घरमालकानं पक्क्या पावत्या देल्या आन् संग घरपट्टीची पावती जोडली, तं भाडेकरू मनून धकते काय?"

"धकते. सतरा महिन्याच्या पावत्या, सहीनिशी. आन् पोरगी नात्यातली नाई, असं मालकाचं हमीपत्र."

"काकाजी!" समतेने हाक मारली. "तिसरा रस्ता हाय."

इंद्रभानजी वळले. तिसऱ्या रस्त्यावर नगरपरिषद उभी होती, तिप्पट पट्टी घेऊन. पण पहिल्या दोन रस्त्यांवर जे उभे होते त्याच्यापेक्षा ती त्यांना सोज्ज्वळ भासली. ते आतून चष्मा घेऊन आले.

हमीपत्राचा मजकूर समतेने सांगितला, गुलाबरावांनी लिहिला. सदर खोली मासिक साडेतीन हजार रुपये भाड्याने, पूर्ण शैक्षणिक वर्षासाठी.

"आठवड्याचे सातही दिवस," समता म्हणाली.

इंद्रभानजींचे पेन अधांतरी राहिले. "सातही कशाले लिहाचं? महिना मंजे त्याच्यात सगळं येते ना?"

"येते ना? मंग लिहाले काय जाते?"

"गुरुवार महाराजाचा हाय, पोरी. पाप लागन."

"महाराजायले विचारून पाहू काय?" गुलाबराव म्हणाले. "मले तरी वाटते, पोरगी शिकून राह्यली मनलं तं थे काई बोलणार नाईत. बोलले तं माह्याकडं पाठवा. करा सही."

सही झाली. एकेक करून सतरा पावत्या झाल्या, हमीपत्रासह त्यांचे फोटो पुरावा म्हणून जोडले आणि यंत्रात 'नातेवाइकांकडे'च्या जागी 'भाड्याने' उमटले. सत्यभामाबाई एकदा आत गेल्या, एकदा बाहेर आल्या आणि पुन्हा आत गेल्या. बिनसहीचा राहिलेला जबाब गुलाबराव फाडायला निघाले, तेव्हा समतेने हात पुढे केला.

"त्याची कार्बन कॉपी मले द्या."

"त्याच्यावर सही नाई."

"असू द्या. पुढच्या साली भाडं वाढवाच्या वेळी काकाजीले वाचून दाखवीन."

गुलाबरावांनी इंद्रभानजींकडे पाहिले, इंद्रभानजींनी छताकडे पाहिले, आणि निळ्या अक्षरांचा तो कागद समतेच्या वहीत गेला.

आता उरला फोटो. तो खोलीतच, विद्यार्थिनीसह, अंथरूण व पुस्तके दिसतील असा हवा होता. समतेने जिन्याखालून गादी आणि पुस्तके आणली आणि स्वतःच्या खोलीचे दार वाजवले. आत नागपूरकर कुटुंब स्थिरावले होते: न्हाऊन आलेला मुलगा, त्याची बायको आणि पलंगावर मांडी घालून बसलेल्या म्हाताऱ्या पुष्पांजलीबाई. खिडकीपासून दारापर्यंत दोरीवर ओली लुगडी.

"आजी, जरा फोटो काढाचा हाय. दोन मिनिटं बाहेर येता काय?"

"फोटो?" आजींनी उत्साहाने पदर सारखा केला. "अगं, मग बाहेर कशाला? काढ की. इकडून काढा हो भाऊ, ह्या बाजूने मला दात आहेत."

गुलाबरावांनी फोटो काढला. त्यात गादी आली, पुस्तके आली, समता आली. तिच्या खांद्यावर हात ठेवून हसणाऱ्या आजी आल्या, आणि मागे ओल्या लुगड्याआड मुलगा व सून आली. यंत्राने विचारले: खोलीतील एकूण व्यक्ती? गुलाबरावांनी चौघे मोजले. यंत्राने पुढे विचारले: अन्य व्यक्तींचे विद्यार्थिनीशी नाते?

गुलाबरावांचे बोट थांबले. दारात इंद्रभानजी उभे होते. सकाळी ज्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या जिभेवर तयार होते, तो ऐकताच त्यांनी आता समतेकडे पाहिले.

"पाहुणे," समता म्हणाली. "माह्याकडं आले. आजच्यापुरते."

"पाहुण्याकून पैसे घेतले तं पोटभाडं होते," गुलाबराव म्हणाले. "अट नऊ."

"माह्या पाहुण्याकून कोन पैसे घेईन?" समतेने दाराकडे पाहिले. "काकाजी, चुकून घेतले असन तं वापस करा."

इंद्रभानजींनी आयुष्यात पुष्कळ वांगी किडलेली पाहिली होती, पण काढलेले पीक पुन्हा झाडाला लावण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता. त्यांनी खिशातून बाराशे रुपये काढले आणि नागपूरकराच्या हातावर ठेवले. आजींनी तत्काळ दोन्ही हात जोडून मंदिराच्या दिशेने नमस्कार केला आणि हे सगळे महाराजांनीच घडवून आणले, असे जाहीर केले. त्याला कुणीही हरकत घेतली नाही.

गुलाबराव रिक्षात बसले तेव्हा समता त्यांच्यामागे गेली. "साहेब, भत्ता कधी येईन?"

"फाईल आज चढली. मार्चपर्यंत येऊन जाईन."

"कोनत्या मार्चपर्यंत?"

"इतकं बारीक परीक्षेत लिहत जाय," ते म्हणाले, मग रिक्षा सुरू झाल्यावर मान बाहेर काढून ओरडले, "ह्याच मार्चपर्यंत! मी जायच्या आधी करून ठेवतो. आन् बापाले फोन कर!"

समतेने फोन केला. सहदेव बाजारात मापावर होते. सगळे ऐकून घेऊन ते इतकेच म्हणाले, "मंग कृषी केंद्रवाल्याले नाई मनून सांगतो." मागे कोणीतरी पोत्यांचा आकडा विचारीत होते. सहदेवांचा आकडा चुकला असावा, कारण त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतला.

दुपारी नागपूरकरांचा मुलगा आपली सतरंजी उचलून जिन्याखाली गेला. आजी आणि सून समतेच्या खोलीत राहिल्या. समतेने टेबल खिडकीपाशी ओढले, एक लुगडे बाजूला सारले आणि दुसऱ्या दिवशीच्या चाचणीचे पुस्तक उघडले. पलंगावर आजींनी विचारले की हे काय शिकतेस, आणि उत्तर पुरते व्हायच्या आत त्यांना झोप लागली.

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. ते घर बांधल्यापासून त्या दारावर गुरुवारी मालकाने टकटक केल्याचे कुणाच्या स्मरणात नव्हते.

"समता," बाहेरून इंद्रभानजींचा आवाज आला, "थे दरपत्रक जरा तुले विचारून बदलाचं होतं. आत येऊ काय?"

"अभ्यास चालू हाय, काकाजी," समता पुस्तकातून मान न काढता म्हणाली. "पाच वाजता या."

बाहेरची पावले हळूहळू जिना उतरून गेली.